घेवड्याची साक्ष

“या घरात तंबाखू कोण वापरतं?”

शेवाळ्यांच्या गच्चीवर हा प्रश्न विचारला गेला तेव्हा तिथे तीन माणसं होती. प्रश्न मात्र तिघांपैकी कुणाचाच नव्हता. तो घेवड्याच्या पानावर चिकटवलेल्या, कपाळावरच्या टिकलीएवढ्या एका चकतीचा होता. आवाज यायचा तो कठड्यावर ठेवलेल्या ‘रोपसखी’ नावाच्या डबीतून, आणि तो इतका गोड होता की पहिल्या दिवसापासूनच तो तृप्तीच्या डोक्यात गेला होता.

तृप्तीच्या हातात झारी होती. तिचा नवरा संग्राम वेलाचा शेंडा सुतळीला गुंडाळत होता, त्याचे हात थांबले. सासूबाई, म्हणजे शालनआत्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून खालची पिवळी पानं खुडत होत्या. त्यांनी पदर सावरला आणि डबीकडे तोंड करून सरळ सांगितलं, “मी लावते की मिशरी. सकाळ-सांच्याला. बारकी हुते तवापास्नं.”

डॉक्टरनं विचारलं की खरं सांगायचं असतं, एवढं आत्यांना माहीत होतं. डॉक्टर माणसाचा असो की घेवड्याचा, त्यांच्या लेखी फरक नव्हता.

“आई!” संग्राम ओरडला.

तृप्तीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात पहिली सणक गेली. हा माणूस त्याच बाईच्या मांडीवर वाढलेला. दात घासायची ती काळी पूड, तो पत्र्याचा डबा यानं बोलायला लागण्याआधीपासून पाहिलेला. आणि आता चेहरा असा, की आईनं दरोडा घातल्याचं आजच कळलं!

“धन्यवाद,” रोपसखी म्हणाली. “आपली माहिती नोंदवली आहे. रोपांना हात लावण्यापूर्वी हात साबणाने आणि नंतर दुधाने धुवावेत.”

“दुधानं?” आत्यांना हसू फुटलं. “बया! आमच्या लग्नात कुणी पाय धुतलं न्हाईत दुधानं, आन हितं घेवड्यासाठी हात?” पण दुसऱ्या दिवसापासून त्या खरोखरच वाटीत दूध घेऊन हात धुवायला लागल्या. आपल्यामुळे वेलाला त्रास झाला हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

बाग तृप्तीची होती, म्हणजे तिच्या गळ्यात पडली होती. संग्राम ज्या शिक्षणसंस्थेच्या शाळेत उपमुख्याध्यापक होता, तिनं सगळ्या शिक्षकांना परसबागेचा संच वाटला होता : क्रेट, खत, वेली घेवड्याचं बियाणं, पाकीटभर पानटिकल्या आणि ही गोडबोली डबी. तृप्ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दुधातले जंतू तिला नावानिशी ठाऊक, पण मातीत बोट घालायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. सुरुवातीला तिनं दिवसातून तीनदा पाणी घातलं. पानं पिवळी पडली, तशी ऊन लागतंय म्हणून आणखी घातलं. “मुळांचा श्वास कोंडला आहे,” डबी म्हणाली. मग मावा आला, तोही तिला आधी परागकण वाटला. शालनआत्यांनी पोटभर हसून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कडुनिंबाचा पाला उकळून दिला. कराडच्या त्या गच्चीवर दोघी रोज अर्धा-पाऊण तास बसायच्या. सासू-सुनेला एकमेकींशी बोलायला घेवडा हा बरा विषय निघाला होता.

ही टिकली काम कशी करते, हे तृप्तीला मनापासून आवडलेलं होतं. झाडाला दुखलंखुपलं की ते गप्प बसत नाही. पानांतून वायू सोडतं, आणि प्रत्येक दुखण्याचा वायू वेगळा. अळीनं कुरतडलं की एक, मुळाशी पाणी तुंबलं की दुसरा. विषाणू शिरला तर घेवड्याच्या पानातून जे द्रव्य बाहेर पडतं, त्याचा वास गुडघ्याला चोळायच्या मलमासारखा असतो, कारण मलमातही तेच द्रव्य असतं. आपल्या नाकाला इतका बारीक वास कळत नाही. टिकलीत केसाहून बारीक तारा असतात, एकेका तारेवर एकेका वायूचे कण बसतात, तारेतली वीज किंचित बदलते, आणि डबी तो बदल देशभरातल्या लाखो पानांशी ताडून रोगाचं नाव सांगते. इथपर्यंत सगळं छान होतं.

पण पानाला माणसाचा हात लागतो. हाताचा घाम, साबण, औषध, दारू, तंबाखू, सगळ्याचे कण पानावर उतरतात आणि टिकलीला तेही कळतात. सुरुवातीला ही माहिती कचरा म्हणून गाळून टाकत. मग या कचऱ्यालाही गिऱ्हाईक आहे हे कुणा शहाण्याच्या लक्षात आलं, आणि गाळणं थांबलं. पलीकडच्या लोमटेवहिनींच्या मेथीनं त्यांच्या यजमानांची शुगरची गोळी जाहीर केली. खालच्या आळीतल्या एका मुलाचं ठरलेलं लग्न कोथिंबिरीनं मोडलं. लोक हातमोजे घालून मिरच्या तोडायला लागले. वहिनींनी तर सगळ्या कुंड्या उपटून फेकून दिल्या आणि बाजारातून भाजी आणायला लागल्या, कारण बाजारातली भाजी चुगल्या करत नाही.

आता तंबाखूचं. तंबाखूच्या पानावर एक विषाणू असतो, फार चिवट. पान वाळवलं, पुडीत भरलं, वर्षानुवर्षं ठेवलं, तरी तो टिकून राहतो. तंबाखू चोळलेला हात वेलाला लागला, शेंडा वळवताना पान जरा जरी खरचटलं, की तो आत शिरतो; दुधानं हात धुतले तर तेवढा लुळा पडतो. टोमॅटोचं अख्खं झाड त्यानं जातं. घेवडा मात्र वेगळा वागतो. विषाणू जिथे शिरला तेवढ्या जागेच्या पेशी घेवडा स्वतःच मारून टाकतो, म्हणजे रोग पुढे सरकत नाही. तेवढ्या जागी तांबूस तपकिरी ठिपका राहतो. शेवाळ्यांच्या वेलावर असे ठिपके आले होते, म्हणून टिकलीनं प्रश्न विचारला होता.

उत्तर नोंदवलं गेलं, आणि नोंदवलेलं उत्तर संस्थेत पोचलं. संस्थेनं वर्षभरापूर्वी नियम केला होता की मुख्याध्यापकाचं घर तंबाखूमुक्त असलं पाहिजे, आणि त्याचा दाखला पानटिकल्यांनी द्यायचा. संचवाटपाचा खरा हेतू तेव्हा कुठे लोकांना कळला. संग्रामचं नाव मुख्याध्यापकपदासाठी सगळ्यात वर होतं. शाळेत दर वर्षी मुलांना तंबाखूविरोधी शपथ तोच द्यायचा.

जेवताना त्याच्या मनगटावर संदेश आला. त्यानं तो वाचला आणि ताट सरकवलं.

“एक तर तंबाखू वापरणाऱ्यानं सहा महिने तपासण्या द्यायच्या, नाहीतर घराच्या नोंदीतून बाहेर पडायचं,” तो म्हणाला. “निवड पुढच्याच महिन्यात आहे.”

“मग देतील तपासण्या,” तृप्ती म्हणाली. “निवड पुढच्या वर्षी होईल.”

“पुढच्या वर्षी दुसऱ्याची होईल. आईला थोडे दिवस ताईकडे राहू दे. विटा काय, हाकेच्या अंतरावर आहे.”

“अहो, हे घर त्यांचं आहे. मामंजींनी बांधलेलं.”

“मी नाही कुठं म्हणतोय? थोडे दिवस म्हणालो.”

आत्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून बसल्या होत्या. तो भिजून भिजून वाटीतच तुटला. त्यांनी एकदा संग्रामकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तृप्तीला वाटलं, आता त्या बोलतील.

“जाते की,” त्या म्हणाल्या. “त्यात काय एवढं!”

तृप्ती त्या दिवशी भांडली. भांडली म्हणजे आवाज चढवून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मिश्री वाईटच, कबूल. पण पन्नास वर्षांची सवय महिन्याभरात सोड म्हणायचं, नाही सुटली तर घर सोड म्हणायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? संग्राम तिच्याशी वर्गातल्या द्वाड पोराशी बोलावं तसा शांतपणे बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच आईची पिशवी गाडीत ठेवली. आत्या गाडीत बसता बसता तृप्तीला म्हणाल्या, “वरच्या शेंड्यांस्नी आधार दे गं. आन दुधानं हात धू.” आपण गाडीच्या आडवं का पडलो नाही, याचा तृप्तीला नंतर फार राग आला.

आत्या गेल्या आणि घेवडा जोमात आला. फुलं लागली, नवे शेंडे कठड्याच्या वर चढले. तृप्ती हात साबणानं धुवायची, दुधानं धुवायची, मगच वेलाला शिवायची. अशीच एका संध्याकाळी ती वर गेली आणि तिला नव्या पानांवर ठिपके दिसले. तसेच तांबूस तपकिरी. ही पानं आत्या गेल्यावर फुटलेली होती.

“विषाणूची नवी लागण आढळली आहे,” डबी गोड आवाजात म्हणाली. “निकोटिनचे अंशही आढळले आहेत. या घरात तंबाखू कोण वापरतं?”

तृप्तीनं उत्तर दिलं नाही. ती खाली बसून एकेक पान उलटून पाहायला लागली. आत्या खुर्चीवर बसून ज्या खालच्या पानांना हात लावायच्या ती जुनी पानं अजून वेलावर होती, आणि ती स्वच्छ होती. एक ठिपका नव्हता. सगळे ठिपके वर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला. आत्यांच्या गुडघ्यांना उभं राहून सुतळी बांधणं कधी जमलंच नव्हतं.

मग तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि इतक्या दिवसांत ती आपल्याला सुचली नाही म्हणून तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आत्यांची मिश्री भाजून द्यायची ती स्वतःच. संग्राम शाळेत गेला की गच्चीवर शेगडी ठेवून, जुन्या तव्यावर, तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत. ठसका लागायचा म्हणून नाकाला ओढणी बांधून. आणि ती दूध संघात नोकरी करते! दूध तापवून जंतू मारण्यावर जिचं पोट चालतं, तिला हे कळू नये?

“काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूतून हा विषाणू पसरतो का?” तिनं विचारलं.

“नाही. उकळत्या पाण्याच्या तापमानाला हा विषाणू काही मिनिटांत निष्क्रिय होतो. भाजलेल्या तंबाखूतून लागण होत नाही. लागण कच्च्या तंबाखूतून होते.”

“मग आत्यांनी मिश्री सांगितली तेव्हा का नाही बोललीस?”

“तेव्हा आपण हा प्रश्न विचारला नव्हता.”

तृप्तीनं डबी उचलली आणि रस्त्यावर भिरकावायला हात मागे नेला. मग खाली ठेवली. डबीवर राग काढून काय होणार होतं? घरात माणसं आता दोनच होती, आणि त्यातली एक ती होती.

तिला संग्रामचा उजवा अंगठा डोळ्यांसमोर आला. नखाच्या कडेला नेहमी पांढरं काहीतरी असायचं. लग्न झालं तेव्हा तिनं विचारलं होतं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, “मास्तराचा हात आहे, खडू असणारच.” त्याच्या शाळेत फळ्यांच्या जागी पडदे येऊन कितीतरी वर्षं झाली. खडू शाळेतून गेला, अंगठ्यावरून गेला नाही, आणि तिनं कधी विचारलं नाही.

संग्राम रोज पहाटे प्राणायामाला म्हणून गच्चीवर जायचा आणि येताना वेलाचे शेंडे नीट करून यायचा. बायकोला मदत म्हणून. दुसऱ्या दिवशी तृप्ती त्याच्या मागोमाग अनवाणी जिना चढली. शेवटच्या पायऱ्यांवर असतानाच तिला तो आवाज ऐकू आला. तळहातावर बोटांनी थाप मारून चुना-तंबाखूची धूळ उडवल्याचा आवाज. तो कुठल्याही मराठी माणसाला डोळे मिटूनही ओळखू येतो.

तो वळला तेव्हा चिमूट ओठांपाशी होती.

“किती वर्षं?” तिनं विचारलं.

“हळू बोल.”

“किती वर्षं, संग्राम?”

तिनं त्याला नावानं हाक मारली होती. तेरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. त्यानं चिमूट कठड्यापलीकडे टाकली आणि हात पायजम्याला पुसला.

“डीएडला असल्यापासून. फार नाही गं. सकाळी एक, शाळा सुटल्यावर एक. कामाचा ताण असतो, तुला नाही कळायचं.”

“मला नाही कळायचं! आईला ढकलून दिलंस आणि मला नाही कळायचं?”

“ढकललं नाही. ती स्वतः बोलली, मी सांगितलं होतं का तिला बोल म्हणून? आणि मिश्री काय, तंबाखूच ना? तिला तपासण्या द्याव्याच लागल्या असत्या.”

“तू इथेच उभा होतास. याच जागी. हातात वेल होता तुझ्या.”

“निवड होऊ दे. मी सोडणार आहे. मग आईला आपण दोघं जाऊन घेऊन येऊ, वाजतगाजत.”

तृप्तीच्या अंगाची लाही लाही झाली. वाजतगाजत! ती काही बोलणार तेवढ्यात डबी बोलली. तिच्या प्रश्नानंतर दिलेलं उत्तर तेवढं ती नोंदवायची, आणि आदल्या दिवसाचा प्रश्न तिच्याकडे उत्तराविना पडून होता.

“या घरात तंबाखू कोण वापरतं? उत्तर न मिळाल्यास घराचा दाखला थांबवण्यात येईल.”

संग्रामनं तृप्तीकडे पाहिलं. मग डबीकडे वळून, वर्गात हजेरी घ्यावी तशा स्वच्छ आवाजात तो म्हणाला, “माझी आई परवा भेटायला आली होती. तिनं वेलाला हात लावला असणार.”

“धन्यवाद. आपली माहिती नोंदवली आहे. संबंधित व्यक्तीचं नाव घराच्या नोंदीतून कायमचं कमी करण्यात येत आहे.”

“झालं,” संग्राम म्हणाला. “मिटलं.”

तृप्तीला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. हात उचललाही गेला होता. तो मागे सरला आणि भराभरा बोलायला लागला. “ऐक. तू आत्ता खरं सांगितलंस तर बढती राहिली बाजूला, नोकरी जाईल माझी. शपथ देणारा मास्तर, पेपरात येईल. आणि आई? आईला विचार, तिला काय पाहिजे ते. पोराचं वाटोळं केलं म्हणून ती तुझं तोंड बघणार नाही.”

एवढं मात्र त्याचं खरं असावं, असं तृप्तीला वाटलं, आणि म्हणून राग आणखी चढला. डबीसमोर ती काही बोलली नाही. दूध संघात फोन करून रजा टाकली आणि गाडी काढून थेट विट्याला गेली.

वंदनावन्संचं घर दोन खोल्यांचं. आत्यांची खाट जिन्याखाली टाकली होती, मान वाकवल्याशिवाय त्यांना उठताही येत नव्हतं. तृप्तीला बघून त्यांचा चेहरा उजळला. “घेवडा आला का गं?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

तृप्तीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. वन्सं स्वयंपाकघरात होत्या. ती खाटेच्या कडेला बसली आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. पानं, मिश्री, चुना, थाप. आत्या ऐकत होत्या. त्यांना धक्का बसल्याचं काही दिसेना.

“तुम्हाला माहीत होतं?” तृप्तीनं विचारलं.

“पोराच्या अंगाचा वास आयला कळत न्हाई व्हय? मिशरीचा वास येगळा आन कच्च्या पानाचा येगळा. कवाधरनं म्हाईत हाय.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत? घर सोडून निघून आलात! तुमच्या अशा गप्प बसण्यानंच माजलाय तो!” तृप्तीला आता आत्यांचाही राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही.

आत्या हातातल्या बांगडीशी चाळा करत राहिल्या. “गप कुठं बसले? मीच की आधी बोलले. त्या डबीनं इचारलं, मला वाटलं, त्येला लाज वाटंल, बायकूम्होरं कसं सांगावं. म्हटलं मी आधी सांगितलं की त्येलाबी सोपं जाईल. आई लावती, मीबी खातो. त्येवढंच तर म्हणायचं हुतं. जेवताना वाट बघितली. गाडीत बसल्यावर बघितली. हितं सोडून जातानाबी त्यो दारातनं एकदा माघारी फिरला, मला वाटलं आता बोलतोय. फोनचा चार्जर इसरलाता.”

तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं रागानंच पुसलं.

“आता तुझं त्वांड बंद ठेव,” आत्या म्हणाल्या. “त्येची नोकरी हाय. माझं काय, चाललंय बरं.”

“आत्या, आज सकाळी त्या डबीनं परत विचारलं.”

“मग?”

“तुम्ही परवा कराडला आला होतात आणि तुम्हीच वेलाला हात लावलात, असं सांगितलं त्यांनी.”

आत्यांचा हात बांगडीवरच थांबला. “कुणी? त्यानं?”

“माझ्यासमोर.”

“त्वांडानं बोलला? का कुठं लिहून दिलं?”

“तोंडानं बोलले. आता तुमचं नाव घरातून कायमचं कमी झालंय.”

त्याचं आजवरचं न बोलणं आत्यांनी समजून घेतलं होतं. न बोलणाऱ्याची वाट बघता येते. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की तो तृप्तीनं आजवर पाहिला नव्हता. मग त्यांनी मान वाकवली, जिन्याखालून बाहेर आल्या, आणि चपला पायात सरकवल्या.

“वंदे, जातो गं आमी,” त्यांनी आत हाक दिली, आणि तृप्तीला म्हणाल्या, “गाडी काढ.”

दोघी कराडला पोचल्या. संग्राम सकाळची शाळा आटोपून नुकताच आला होता, चहाचा कप हातात घेऊन सोफ्यावर बसला होता. आईला दारात बघून तो ताडकन उठला.

“आई? तू आत्ता कशाला आलीस? अगं, आत्ता नाही यायचं!”

“का? परवा आल्ते न्हवं मी?”

त्यानं तृप्तीकडे रागानं पाहिलं.

“तिच्याकडं नगं बघू. हिकडं बघ.” आत्या उंबऱ्याच्या आत आल्या आणि समोरच्या खुर्चीवर चपलांसकट बसल्या. “मी गप ऱ्हायले, म्हटलं तुला बोलायला जागा ऱ्हावी. तू त्या जागंवर माझंच नाव घातलंस.”

“आई, निवड होईपर्यंत फक्त. मी सगळं नीट करणार होतो.”

“तंबाखू वापरणाऱ्यानं ह्या घरात ऱ्हायचं न्हाई, असा नेम हाय न्हवं तुमचा? चांगला हाय नेम. मग मीबी जाते, आन तूबी चल. वंदीच्या जिन्याखाली अजून एक खाट बसतीया. लोकांनी इचारलं तर सांगू, मायलेकरं तंबाखू सोडायला आल्यात.”

“लोक काय म्हणतील, आई? शाळा काय म्हणेल?”

“माझ्या येळंला इचारलं न्हाईस त्ये.”

संग्राम खाली बसला. कपातला चहा त्याच्या शर्टावर सांडला, त्याचं त्याला भान नव्हतं. तृप्ती दारातच उभी होती. दार अडवून उभी राहिल्यासारखी. तिला त्याची दया येईल असं क्षणभर वाटलं होतं, ती आली नाही.

“खातो मी,” तो अखेर जमिनीकडे बघत म्हणाला. “आई, मी खातो तंबाखू. चुकलं माझं.”

“मला नगं सांगू. मला वासानं कळतंय. वर जा आन त्या घेवड्याला सांग.”

तो उठला. एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघून, कुणीच काही म्हणत नाही असं पाहून जिना चढायला लागला. त्याची पावलं गच्चीपर्यंत गेली आणि थांबली. मग खूप हळू, पुटपुटल्यासारखा आवाज आला.

आत्या खुर्चीतून उठल्या आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडल्या, “मोठ्यानं! शेजारी ऐकू दे! मी काय पुटपुटले हुते का?”

मग संग्रामचा आवाज आला. मोठा, फाटलेला. रस्त्यावरनं जाणाऱ्या एका बाईनं मान वर करून पाहिलं, आणि पलीकडे लोमटेवहिनींच्या खिडकीचा पडदा हलला. त्यानं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं, आणि परवा इथे कुणीही आलं नव्हतं हेही सांगितलं.

ते ऐकून झाल्यावर आत्यांनी चपला काढल्या.